लाल धाग्याचं धान

भंडाऱ्याच्या बायपासवर धानश्री हाइट्स नावाची सात मजली इमारत आहे. तिच्या पायाखाली धानाच्या चांगल्या डझनभर बांध्या, म्हणजे भाताची शेतं, गाडल्या गेल्या, आणि बिल्डरनं त्यांचं नाव तेवढं शिल्लक ठेवलं. आधी जीव घ्यायचा आणि मग फोटोला हार घालायचा, त्यातला प्रकार. ए विंगमध्ये पाचव्या मजल्यावर हर्षा गजभिये राहायची. ती पाटबंधारे खात्यात लिपिक, नवरा अतुल बँकेत, आणि मुलगी मैत्री दुसरीत.

ह्या इमारतीत संध्याकाळी पोरं खेळताना दिसायची नाहीत. शाळेची बस आली की पोरं वर जायची, गणवेश काढायची, कसलंतरी घोषवाक्य छापलेला टी-शर्ट घालायची आणि तळमजल्याच्या हॉलमध्ये वर्कशॉपला बसायची. कधी रंगीत चिकट लगदा मळायचं वर्कशॉप, कधी वर्तुळात वर्तुळं काढायचं, कधी जोरजोरात हसायचं. हसायचंसुद्धा शिकवावं लागतं अशी पोरं आईबापांनी कशी काय वाढवली, ह्याची कोणाला लाज नव्हती. उलट ज्याचं पोर जास्त वर्कशॉपला, त्याची मान जास्त ताठ.

हे सगळं चालवायचे कुलदीप सर. दाढी कोरलेली, कानाला माइक अडकवलेला, आणि जिभेवर साखर एवढी की ऐकणाऱ्याला दातदुखी व्हावी. हर्षाला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. पोरांशी बोलताना त्याचे डोळे पोरांकडे नसायचे, मागे उभ्या असलेल्या आयांच्या मोबाइलकडे असायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं आत्मविश्वासाचं वर्कशॉप घेतलं होतं. प्रत्येक पोरानं आरशासमोर उभं राहून "मी सगळ्यांत हुशार आहे" असं ओरडायचं. सगळी ओरडली. मैत्रीची पाळी आली तेव्हा ती आरशात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पण सगळ्यांत हुशार तर अनुप आहे." अनुप हा सी विंगमधला तिचाच वर्गमित्र, पाढे घडाघडा म्हणणारा. आया हसल्या. कुलदीप सरांनी अतुलला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी अजून खुललेली नाही. अतुलचं तोंड एवढंसं झालं. हर्षा मात्र घरी येऊन मनातल्या मनात हसली. आपल्या पोरीला खोटं बोलता येत नाही, ही एक गोष्ट तिला तिच्या सगळ्या नोकरी-फ्लॅटपेक्षा मोठी वाटायची. मैत्री डब्यातलं एक बिस्किट जास्त खायची तर आपणहून येऊन सांगायची.

जुलैमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर नवीन जाहिरात आली. "माझं धान, माझा अभिमान." शाळा सुटल्यावर गच्चीवर प्लास्टिकच्या काळ्या टबांमध्ये चिखल करून पोरं स्वतःच्या हातानं धानाची रोवणी करणार, दर आठवड्याला वाढ बघणार, आणि दिवाळीच्या सुट्ट्यांआधी कापणीचा सोहळा होणार.

हर्षानं ती जाहिरात दोनदा वाचली. तिची आई लीलाबाई आंबागडला राहायची, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिची जन्माची कंबर दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये वाकली होती. रोवणीच्या दिवसांत ती घरी यायची तेव्हा पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटलेली असायची. त्या चिखल्यांवर हर्षा हळद-तेल लावायची आणि आई ओठ दाबून भिंतीकडे बघायची. शाळेत असताना हर्षाही दोन पावसाळे रोवणीला गेली होती. पिंढरीला चिकटलेली जळू तिनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बांधावर बसून रडली. त्या दिवशी आईनं तिला हाताला धरून बांधीच्या बाहेर काढलं आणि पुन्हा कधी आत उतरू दिलं नाही. आणि आता तोच चिखल पिशवीत बंद होऊन लिफ्टनं सातव्या मजल्याच्या वर चालला होता. पोरांना हातमोजे, गुडघ्याएवढे बूट, शेवटी हात धुवायला सॅनिटायझर. जळू तेवढी द्यायची राहिली होती.

तिनं नाही म्हटलं. अतुल म्हणाला, सगळ्यांची पोरं चालली, आपलीच काहून मागे ठेवायची. मैत्री गेली.

आणि परत आली ती कोपरापर्यंत माखून. हातमोजे तिनं काढून टाकले होते. एवढी बोलताना हर्षानं तिला कधी पाहिलं नव्हतं. सरांनी सांगितलं होतं की जो जे रोवेल ते त्याचं, धान पिकेपर्यंत तुम्हीच त्याचे आईबाबा. मैत्रीनं ते अक्षरशः घेतलं, जसं ती सगळंच घ्यायची. आपलं रोप ओळखू यावं म्हणून तिनं आपल्या केसांच्या बँडमधला लाल लोकरीचा धागा काढून त्याला सैल बांधला होता. घट्ट बांधला असता तर त्याला दुखलं असतं, असं तिचं म्हणणं.

हर्षाचा राग तिथं विरघळला. तिनं आईला फोन लावला आणि मैत्रीनं आजीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. लीलाबाईला आधी गच्चीवरचं धान म्हणजे काय तेच समजेना. समजल्यावर ती हसली, मग म्हणाली, "रोवलेल्या परह्याले हात नोको लावजो बाई. त्याले आपली जागा कळू द्या लागते."

परहा म्हणजे धानाचं कोवळं रोप, हे मैत्रीला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून आली की दप्तर टाकून गच्चीवर जायची, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून टबासमोर उभी राहायची, आणि तशीच परत यायची. चुकून हात लागू नये म्हणून. हर्षानं एकदा दारातून ते पाहिलं आणि तिला वाटलं, ह्या ढोंगी लोकांच्या हातून चुकून का होईना, एक खरी गोष्ट घडली.

कुत्र्याचं शेपूट मात्र नळीत घातलं तरी वाकडंच.

त्या शुक्रवारी साहेब दौऱ्यावर होते, म्हणून हर्षा लवकर घरी आली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. टबांपाशी कुलदीप सर आणि त्यांची मदतनीस राखी मॅडम होत्या. दोघंही पोरांनी रोवलेलं धान उपटत होते. मूठ धरायची, ओढायची. मुळं तुटल्याचा बारीक आवाज यायचा. मग नळाखाली खळखळून धुवायचं, रबर लावून जुडी बांधायची आणि बादलीत टाकायचं. राखी मॅडम मोकळ्या झालेल्या टबातला चिखल खराट्याच्या काडीनं सारखा करत होती, जसं काही तिथं कोणी हात घातलाच नव्हता. गच्चीच्या मोरीत तुटक्या मुळांचा पांढरा गुंता अडकला होता, त्यावरून गढूळ पाणी चाललं होतं, आणि त्या गुंत्यात लाल लोकरीचा धागा होता.

हर्षा तडक टबांपाशी गेली. काय चाललंय, असं तिनं विचारलं. कुलदीप सर जराही चपापले नाहीत. त्यांनी सगळं गोड शब्दांत समजावून सांगितलं. ए विंग सोमवारी झाली, बी विंग बुधवारी, आज पाच वाजता सी विंग. टब तेवढेच, परहेही तेवढेच. म्हणून प्रत्येक बॅच झाली की उपटायचं आणि पुढच्या बॅचला तेच रोवायला द्यायचं. मुलांना अनुभव महत्त्वाचा, धान नाही. ए विंगची पोरं बुधवारपासून दुसऱ्यांचंच धान बघून जात होती आणि एकालाही कळलं नव्हतं, हे सांगताना तर त्यांना हसू आलं. शेवटी मोहाडीकडच्या एका शेतातून पिकलेले टब तयार होऊन येणार, त्यावर नावाचे झेंडे लागणार, व्हिडिओ होणार.

"पण तुम्ही पोरांना सांगितलं ना, हे तुमचं आहे म्हणून?" हर्षा म्हणाली.

"मॅडम, ते फीलिंगसाठी असतं," कुलदीप सर म्हणाले आणि पुढच्या टबातली मूठ त्यांनी उपटली.

बुधवारपासून आपली पोर हात पाठीमागे बांधून कोणाच्या धानासमोर उभी राहत होती, हे हर्षाला आता कळलं. तिनं मोरीत हात घातला, गुंत्यातून धागा सोडवला आणि ओलाच पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. मग कपडे तसेच दोरीवर सोडून ती खाली सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेली. ह्यांना सगळे भय्याजी म्हणायचे. भय्याजींच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीतून खाली पिचकारी टाकली, आणि ओठ पुसत म्हणाले की पोरायले काय कळते, आणि पुढच्या इमारतीचं बुकिंग सुरू आहे, असा व्हिडिओ गेला तर सगळ्यांच्याच फ्लॅटला भाव येईल. बोलताना त्यांच्या हनुवटीवर लाल लाळेचा एक थेंब लोंबत राहिला होता. हर्षाला तो थेंब आणि त्यांचं बोलणं वेगळं करता येईना.

राहिला अतुल. तो मोबाइलवरून डोळेही न उचलता म्हणाला, "पोरगी खूश आहे ना? मग तू काहून तिच्या आनंदात माती कालवून राहिली?"

ह्या एका वाक्यानं हर्षा अडली. कारण पोरगी खरंच खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी तिचा जीव रमला होता. तिला जाऊन सांगायचं की तुझं धान उपटलं, धुतलं, रबर लावून दुसऱ्याला दिलं? ती रडली असती. हर्षानं ठरवलं, आज नको. उद्या सांगू. आणि उद्या कधी येतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दोन दिवसांनी मैत्री गच्चीवरून खाली आली ती चेहरा पाडून. धागा पानांआड गेला असेल असं तिला इतके दिवस वाटलं होतं, पण आज वाकून बघूनही तो दिसत नव्हता. शिवाय अनुप म्हणत होता की सर सगळं उपटतात आणि पुन्हा रोवायला देतात, त्यानं जिन्यातून पाहिलं. खरं आहे का आई, असं तिनं विचारलं. हर्षा कणीक मळत होती. पर्स तिच्यामागे खुंटीला लटकत होती.

"धागा गळून पडला असेल," ती म्हणाली. "अनुप काहीही बोलतो. धान तुझंच आहे."

मैत्रीनं तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पळाली. आई म्हणते म्हणजे तसंच असणार. हर्षानं कणीक गरजेपेक्षा जास्त मळली. खोटं बोलून पोरीचं मन राखलं, ह्यात वाईट काय, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि सगळी शिसारी कुलदीप सरांच्या नावावर जमा केली. तिथं आधीच भरपूर जमा होती.

तीनदा रोवलेले ते परहे सप्टेंबरच्या उन्हात पिवळे पडून मेले. एका रविवारी टब बदलले गेले आणि नवीन हिरवे आले. ग्रुपवर मेसेज आला, "वाह, किती छान वाढ." खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. ह्या लोकांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि चालत होतं, आणि हेच हर्षाला सगळ्यात घाण वाटायचं. ती ऑफिसला जाताना गच्चीकडे मान वर करणं टाळायची. मैत्री अजून कधीमधी वर जायची, पण हात पाठीमागे बांधायचे मात्र विसरत नसे.

दिवाळीआधीच्या शनिवारी दुपारी एक पिकअप गेटमधून आत आली. तिच्यात पिकत आलेल्या धानाचे टब होते, लोंबांनी वाकलेले. हर्षानं बाल्कनीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. आज मुलांनी शेतकरी होऊन यायचं होतं. मुलांना धोतर आणि फेटा, मुलींना छोटी नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, कमरेला प्लास्टिकचा विळा. जिच्या आजीनं आयुष्यभर खरा विळा चालवला तिच्या कमरेला हर्षा आपल्या हातानं हा खेळण्यातला विळा खोचत होती. कुंकू तिनं लावलं नाही, एवढाच काय तो विरोध.

पदर घसरत होता. पर्समधून पिन काढून आण, असं तिनं मैत्रीला सांगितलं. मैत्री गेली. पिन सापडायला तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिनं पिन पुढे केली आणि खिडकीकडे बघत उभी राहिली. पोर स्टेजला घाबरली असेल, असं हर्षाला वाटलं.

पण तिला एक आशाही होती, आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. कुलदीप सर आज प्रत्येक पोराच्या हातात माइक देणार होते. मैत्रीला खोटं बोलता येत नव्हतं. टबात धागा नाही, रोप ओळखीचं नाही. ती आरशासमोर जशी बोलली होती तशीच बोलेल, हे माझं नाही म्हणून, आणि एवढ्या मोबाइलसमोर ह्या सगळ्यांचं पितळ उघडं पडेल. जे आपल्याला तीन महिने जमलं नाही, ते पोर एका वाक्यात करेल. विचार करताना हर्षाला जरा लाजही वाटली, पण आशा मोठी होती.

गच्चीवर मांडव होता, गाणी होती, बुकिंग घेणाऱ्या माणसाचं टेबलसुद्धा होतं. प्रत्येक टबात नावाचा झेंडा. पोरं एकेक करून आली. हे धान मी रोवलं, माझं धान माझा अभिमान, टाळ्या. अनुप आला. तो अडखळला, कुलदीप सरांकडे बघितलं, आणि मग तोही तेच बोलला.

मैत्रीचं नाव पुकारलं. हर्षा खुर्चीच्या कडेवर सरकली. मैत्री टबाजवळ गेली, पाठ करून जरा वाकली, मग वळली. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला.

"हे धान मी रोवलं," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "मी रोज पाणी घातलं. मी ह्याला कधी हात लावला नाही, कारण माझी आजी म्हणते त्याला त्याची जागा कळू द्यावी लागते. आणि हे माझंच आहे, कारण मी ह्याला लाल धागा बांधला होता. हा बघा."

तिनं लोंब वर उचलली. देठाला लाल धागा होता. नवाकोरा, आजच्या वेणीच्या रिबिनीतून काढलेला.

गच्ची टाळ्यांनी दणाणली. कोणाची तरी आई डोळे पुसू लागली. कुलदीप सरांनी मैत्रीला उचलून घेतलं आणि सांगितलं की हीच ती मुलगी, उन्हाळ्यात आरशासमोर बोलायला लाजणारी, आणि बघा आता. उत्कृष्ट बालशेतकरी म्हणून तिला प्लास्टिकच्या सोनेरी लोंब्यांचा मुकुट आणि ट्रॉफी मिळाली. बुकिंगच्या टेबलापाशी गर्दी झाली. अतुल अर्ध्या इमारतीला हात मिळवत फिरत होता. हर्षा टाळ्या वाजवत नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खाली उतरताना लिफ्टमध्ये दोघीच होत्या.

"धागा कधी बांधला तू?" हर्षानं विचारलं.

"आत्ताच. वाकले ना, तेव्हा."

"ते तुझं धान नव्हतं. माहीत होतं तुले?" घरात मले-तुले म्हणायचं नाही, असं पोरीला दटावणारी हर्षाच आता तसं बोलत होती.

"हो."

"मग कायले बोलली असं?"

मैत्रीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती नव्हती. गणित विचारल्यावर बघावं तसं बघत होती ती.

"तुझ्या पर्समध्ये माझा धागा होता. पिन काढताना दिसला. चिखल लागलेला," ती म्हणाली. "म्हणजे अनुप खरं बोलत होता, आणि तुला माहीत होतं. तरी तू म्हणालीस की धान माझंच आहे. मी अनुपशी भांडले पण होते आई, तुझ्यासाठी. मग मला कळलं की असंच म्हणायचं असतं."

तीन महिने हर्षा शिसारी घेऊन फिरत होती. कुलदीप सरांची, भय्याजींच्या हनुवटीवरच्या त्या थेंबाची, ग्रुपवरच्या अंगठ्यांची, नवऱ्याच्या न उचललेल्या डोळ्यांची. ती सगळी आता उलटून तिच्याच अंगावर आली. पोरगी कुलदीप सरांकडून काहीच शिकली नव्हती. जे शिकली ते कणीक मळणाऱ्या आईकडून. हर्षाला स्वतःच्या हातांची किळस आली.

तिनं पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून धागा काढला आणि मैत्रीपुढे धरला. वाळून तो कडक झाला होता. हे तुझं आहे, एवढंच तिला म्हणता आलं.

मैत्रीनं तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "हा खराब झाला," ती म्हणाली, आणि लिफ्टच्या आरशात बघून डोक्यावरचा मुकुट सरळ करू लागली.

पाचवा मजला आला. मैत्री आधी बाहेर पडली आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली, ट्रॉफी दाखवायला. दार उघडलं, आतून कौतुक सुरू झालं, आणि ती पहिल्यापासून सांगू लागली, रोज पाणी कसं घातलं ते.